गाडी बघायला जाण्याआधी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं वाजलं, ते तसंच राहायला नको म्हणून लिहितेय. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आई, हो आई" करतोस आणि मग माझा आवाज चढतो. तुझे बाबा म्हणाले, लिही, लिहिताना तू शांत असतेस.

गाडी घेऊ नकोस असं मी म्हटलेलंच नाही. 2007 ची गोल्फ जीटीआय, हाताचे गिअर, दोनच मालक. फोटो बघून मलाही हुरूप आला. 1976 साली पहिली गोल्फ जीटीआय विकायला आली तेव्हा तिची ताकद 110 अश्वशक्ती होती. ही पाचव्या पिढीतली, 200 ची. त्यात गाडी आल्याआल्या तू रीमॅप करून, म्हणजे लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून, ताकद आणखी वाढवणार म्हणालास, आणि माझं काळीज तिथंच हललं. पळवायचं नंतर बघ, आधी ती थांबते कशी ते बघ, एवढंच माझं म्हणणं होतं. आता ब्रेकबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

रविवारी जायच्या आधी मालकाला सांग, इंजिन थंडच ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर का तापवून ठेवली ते विचार, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन चालू होताना जे आवाज आणि जो धूर येतो, तो तापल्यावर लपतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, मग ते टर्बोतून असो की व्हॉल्व्हच्या सीलमधून. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाल. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन हातचं जातं.

या इंजिनाची खरी दुखरी जागा मात्र वेगळी आहे. हाय प्रेशर फ्युएल पंप इनटेक कॅमशाफ्टवर चालतो, आणि दोघांच्या मधे कॅमशाफ्टचा धक्का पंपाला पोचवणारा कॅम फॉलोअर असतो, बाटलीच्या बुचाएवढा. तीन बोल्ट सोडवून पंप बाजूला घेतला की तो हातात येतो. त्याच्या तोंडावरचा काळा थर शाबूत असेल तर उत्तम. मधोमध धातू चकाकायला लागला असेल तर लगेच नवा टाक. भोक पडेपर्यंत कुणी चालवला असेल तर पंपही जातो आणि कॅमशाफ्टही. मालक पंप उघडू देत नसेल, तर तो खर्च किमतीत धरूनच बोल.

हे लिहिताना आबांच्या वर्कशॉपमधला तू डोळ्यांपुढे आलास. आबा तुझं बोट धरून जुन्या बेअरिंगवर फिरवायचे आणि म्हणायचे, "नख अडकतंय का बघ." बाकीची पोरं हात काळे झाले म्हणून पळायची. तू डोळे मिटून पुन्हा फिरवायचास, आणि एकदा आबांना न लागलेली चीर तुला लागली. त्या दिवशी आबा रात्रभर तेच सांगत होते. काकाही होता तेव्हा. त्यानंच तुला पहिल्यांदा स्टिअरिंग धरू दिलं, मांडीवर बसवून. जाऊ दे.

स्कॅनर लावशील तेव्हा एरर कोड नाही म्हणून खूश होऊ नकोस. सकाळीच कोड पुसून ठेवले असतील तर रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते सांगणाऱ्या खुणा, अपुरे दाखवतात, तेही बघ. गाडी आधी रीमॅप करून पुन्हा मूळ प्रोग्रॅमवर आणली होती का, हे तोंडावर विचार.

घेतलीस की आधी तेल, प्लग, कॉइल, डायव्हर्टर व्हॉल्व्ह हे सगळं करून घे आणि काही दिवस आहे तशीच चालव. तिची सवय होऊ दे. मग स्टेज वन, रीमॅपची पहिली पायरी, कर, मी आड येणार नाही. पण मूळ 280 न्यूटन मीटरचा टॉर्क 350 च्या आसपास जातो आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर येतो, स्टिअरिंग हातात खेचतं. जुना क्लच असेल तर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढेल, वेग चढणार नाही. मॅप ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलाय तेच भर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नकोस. विमा कंपनीला बदल लेखी कळव, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतील.

आणि बाळा, ताशी 100 च्या जागी 140 ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. वेग दीडपटही झालेला नसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, ओल शिरली की ती मर्यादा 155 वर येते. तेवढं तापलं की आत बुडबुडे होतात, पाय दाबतोस तो बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल थेट तळाला. तेव्हा कितीही अश्वशक्ती असली तरी

बघ, पुन्हा तिथंच आले. नाही लिहिणार म्हटलं होतं. रागावू नकोस. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हेही मला माहीत आहे. ताईला तुझं कौतुक सांगताना मी थकत नाही, तुझ्यापुढे मात्र तोंडून फक्त सूचना निघतात. काकाच्या त्या रात्रीनंतर मला हे जमत नाही रे. त्याच्या गाडीतही ताकदीची कमी नव्हती.

फक्त एवढं कर. ब्रेक ऑइल नवं भर, पॅड आणि डिस्क मोजून घे, होजला चिरा नाहीत ना ते बघ, आणि हे सगळं लॅपटॉप जोडायच्या आधी. वळणात वेग जास्त वाटला तर ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढू नकोस. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर जाते. वेग वळणाच्या आधी उतरव.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरचे फोटो मला पाठव. जुने निघाले तर नवे चार माझ्याकडून, चांगल्या कंपनीचे. यात नाही म्हणायचं नाही. बाबांशी बोललेय, पैसे सोमवारी टाकते.

तुझी
आई