कुलूप शाबूत, किल्ली परक्याच्या कनवटीला

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

‘डार्क वेब’वरून, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या कोपऱ्यातून, अमली पदार्थ मागवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : सारे व्यवहार एनक्रिप्टेड, म्हणजे कूटलिपीत बंद, असल्यामुळे तपास यंत्रणा हतबल आहेत. हे वाक्य यापुढे तपासून छापावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या नोकरीची माझी शेवटची अकरा वर्षे निर्यातदारांची पतपत्रे, म्हणजे एलसी, आणि बिल्डरांची एस्क्रो खाती सांभाळण्यात गेली. त्यामुळे अशा बाजारांविषयी काही वाचले की माझी नजर मालापेक्षा, तो माल पोचेपर्यंत पैसा कोणाच्या गल्ल्यात पडून होता याकडे आधी जाते.

एस्क्रो ही काही नवी युक्ती नव्हे. इचलकरंजीचा कापड निर्यातदार आधी माल पाठवायला कचरतो आणि हॅम्बुर्गचा खरेदीदार आधी पैसे द्यायला कचरतो. तेव्हा दोघांनाही ज्याचा भरवसा वाटतो असा तिसरा मध्ये उभा राहतो, कागदपत्रे तपासतो आणि मगच रक्कम सोडतो. (एलसी आणि एस्क्रो काटेकोरपणे पाहता एक नव्हेत, पण कुळी एकच.) मार्केट यार्डातला अडत्या याच जोखमीची अडत घेतो. रेरा कायद्यानुसार तर ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए या तिघांच्या दाखल्यांशिवाय ती काढता येत नाही. ते दाखले फायलींना लावता लावताच मी निवृत्त झालो.

आता हीच व्यवस्था अशा ठिकाणी नेऊन पाहा, जिथे विकणाऱ्याला नाव नाही, घेणाऱ्याला चेहरा नाही आणि फसवणूक झाली तर ज्याच्या पायऱ्या चढाव्यात असे कोर्टही नाही. रॉस उल्ब्रिक्ट या अमेरिकी तरुणाने २०११च्या सुरुवातीला ‘सिल्क रोड’ हा बाजार उघडला तो नेमका अशा ठिकाणी. भेट देणाऱ्याचा आणि खुद्द बाजाराच्या सर्व्हरचाही पत्ता टॉर या जाळ्याच्या आड लपलेला असे (हे तंत्र मुळात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्माला आले, हा योगायोग मजेशीर आहे). ग्राहक आधी आपले बिटकॉइन, म्हणजे आभासी चलन, बाजाराच्या पाकिटात भरी. मागणी नोंदवली की तेवढी रक्कम अडकून राही. टपालाने पुडके हाती पडल्यावर ग्राहकाने कळ दाबली की बाजार आपली अडत कापून उरलेले पैसे विक्रेत्याकडे सोडत असे. तक्रार आली तर बाजाराची माणसेच निवाडा करीत. बिटकॉइनचा भाव दिवसागणिक वरखाली होई म्हणून अडकलेल्या रकमेचे मोल विक्रीच्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने बांधून घेण्याचीही सोय होती. आमच्या परकीय चलन विभागात फॉरवर्ड बुकिंग करीत, त्याचीच ही धाकटी बहीण. माल बेकायदा आणि घातक होता, याबद्दल दुमत नाही. पण यंत्रणा म्हणून पाहिली तर बँकेत काम केलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

खोट होती ती एकाच ठिकाणी, आणि ती मोठी होती. रेराच्या खात्यात पैसा बँकेकडे, दाखले तिघांकडे आणि दाद मागायला प्राधिकरण, असे अधिकार वाटलेले असतात. सिल्क रोडवर दुकानाचा मालक, खजिनदार आणि न्यायाधीश एकच होता, आणि सगळ्यांच्या अनामती एका सामायिक थैलीत जमा होत. २०१२च्या सप्टेंबरमध्ये जेम्स झाँग नावाच्या इसमाने नऊएक खाती उघडली, त्यांत थोडे बिटकॉइन भरले आणि पैसे काढण्याच्या सूचना इतक्या भराभर दिल्या, की यंत्रणेने त्याने भरले त्याहून कितीतरी पटींनी अधिक, म्हणजे सुमारे ५०,००० बिटकॉइन, त्याला काढून दिले. कोणतेही कूट त्याने फोडले नाही. खातेवहीत शिल्लक वजा होण्याआधी रक्कम बाहेर जाऊ देणे ही आमच्या शाखेत नवा कॅशियरही करणार नाही अशी चूक तिथे झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या घराची झडती झाली तेव्हा त्या बिटकॉइनच्या किल्ल्या (म्हणजे ते खर्चण्यासाठी लागणारे गुप्त आकडे) सापडल्या त्या जमिनीखालच्या तिजोरीत आणि न्हाणीघराच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यात ठेवलेल्या एका छोट्या संगणकावर. तपासनीस तिथवर पोचले, कारण बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसणाऱ्या वहीत कायमचा लिहिलेला असतो. नाव लपते, हिशेब लपत नाही.

ही बाहेरच्याची चोरी झाली. घरच्यांची चोरी अधिक सोपी होती. २०१५च्या मार्चमध्ये ‘इव्होल्यूशन’ या बाजाराच्या चालकांनी एका रात्रीत गाशा गुंडाळला आणि एस्क्रोत अडकलेले सुमारे १ कोटी २० लाख डॉलर किमतीचे बिटकॉइन बरोबर नेले. ‘वॉल स्ट्रीट मार्केट’च्या चालकांनी २०१९ मध्ये तेच करायला घेतले, ‘एम्पायर’ २०२० मध्ये असाच दिसेनासा झाला. विश्वास पानिपतच्या लढाईत गेला असे आपण म्हणतो. इथे तो दर दोन वर्षांनी नव्या पानिपतावर जात होता आणि तरीही लोक पुढच्या बाजारात अनामत भरतच होते.

यावर तांत्रिक उपाय नव्हता असे नाही, आणि तो समजायला बँकेचे लॉकर पुरेसे आहे. लॉकर उघडताना आधी शाखेचा अधिकारी आपली किल्ली फिरवतो, मग ग्राहक स्वतःची. दोन्ही लागल्याखेरीज दार हलत नाही. बिटकॉइनमध्ये अशीच, तीनपैकी कोणत्याही दोन किल्ल्या लागणारी रचना करता येते आणि तिला ‘मल्टिसिग’ म्हणतात. एक किल्ली ग्राहकाकडे, एक विक्रेत्याकडे, एक बाजाराकडे. व्यवहार सुरळीत झाला तर ग्राहक आणि विक्रेता मिळून रक्कम सोडतात. तंटा झाला तर बाजार एकाच्या बाजूने आपली किल्ली लावतो. आणि बाजारच पळाला तरी एका किल्लीने त्याला काही नेता येत नाही. ‘हान्सा’ या बाजाराने ही सोय आपल्या जाहिरातीचा भाग केली होती. अनेक ठिकाणी मात्र ती कटकटीची म्हणून लोकांनी टाळली. त्याहून वाईट म्हणजे नावाजलेले विक्रेते माल पोचण्याआधीच रक्कम सोडण्याची अट घालू लागले, आणि ग्राहकही ती मानू लागले. जिथे एकमेकांवर विश्वास नाही म्हणून एस्क्रो आणला, तिथेच ओळखीच्या नावावर तो सोडून दिला गेला. कर्जवाटपात ‘पार्टी जुनी आहे, साहेब’ हे शब्द ऐकून ज्यांनी सह्या केल्या, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता कूटलेखनाकडे वळतो. ग्राहकाला घरचा पत्ता विक्रेत्याला कळवावाच लागतो, आणि तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून पीजीपी ही पद्धत वापरली जाते. फिल झिमरमन यांनी ती १९९१ मध्ये तयार केली. तिच्यामागची सार्वजनिक चावीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली आहे. कल्पना अशी, की विक्रेता आपली उघडी कुलुपे जगभर वाटून ठेवतो. कोणीही पत्र पेटीत घालून त्याचे कुलूप खटकन लावू शकतो, पण ते उघडणारी किल्ली एकट्या विक्रेत्यापाशी. ज्याने कुलूप लावले त्यालाही पेटी पुन्हा उघडता येत नाही. भाच्याच्या आग्रहाखातर मी स्वतः अशी चाव्यांची जोडी करून पाहिली. त्याने पाठवलेल्या पहिल्या पत्रात ‘मामा, जेवायला कधी येताय’ एवढेच होते म्हणे. मी परवलीचे वाक्य विसरलो, आणि ते पत्र माझ्या संगणकावर आजही बंदच आहे; ते उघडण्याचा दुसरा मार्ग भाच्यालाही ठाऊक नाही.

असे असताना पोलिसांनी हजारो पत्ते वाचले कसे? हान्साचेच उदाहरण बोलके आहे. २०१७च्या जूनमध्ये बाजाराच्या दोन चालकांना जर्मनीत अटक झाली आणि डच पोलिसांनी बाजार बंद न करता २७ दिवस स्वतः चालवला. त्याच सुमारास, ५ जुलैला, ‘अल्फाबे’ हा सर्वांत मोठा बाजार बंद पाडण्यात आला, आणि तिथले निर्वासित लोंढ्याने हान्सात, म्हणजे थेट पोलिसांच्या अंगणात आले. हान्सावर एक सोय होती : ग्राहकाने साधा मजकूर टंकावा, कुलूप बाजार आपोआप लावून देईल. पोलिसांनी या सोयीत एवढाच बदल केला, की कुलूप लागण्यापूर्वी मजकुराची एक प्रत त्यांच्याकडे उतरू लागली. विक्रेत्यांनी टाकलेल्या मालाच्या छायाचित्रांतली स्थळाची नोंद बाजार पुसून टाकत असे. ती पुसण्याआधी जपली जाऊ लागली. मल्टिसिगची रचनाही अखेरीस पोलिसांनी गुपचूप बदलली, म्हणजे रकमा जप्त करता याव्यात. नेदरलँड्सबाहेरच्या सुमारे १०,००० ग्राहकांचे पत्ते युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेकडे गेले. पीजीपी जसे होते तसेच राहिले. ज्यांनी स्वतःच्या संगणकावर कुलूप लावून मजकूर पाठवला, त्यांचा मजकूर या मार्गाने उघडला नाही. ज्यांनी कुलूप लावण्याचे कामही बाजारावर सोपवले, त्यांचा उघडला. मार्च २०२४ मध्ये ‘इन्कॉग्निटो’च्या चालकाने तर याच आळसावर खंडणी मागितली. लोकांच्या अनामती अडकवून झाल्यावर त्याने जाहीर केले, की आमच्या आपोआप कुलपावर किती जण विसंबून होते हे पाहून तुम्ही चकित व्हाल. संदेश आणि व्यवहार उघड व्हायला नको असतील तर पैसे भरा. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर या चालकाला, रुई-शियांग लिन याला, अटक झाली आणि वर्षअखेरीस त्याने गुन्हा कबूल केला.

बड्या चालकांच्या अटकाही असल्याच. अल्फाबेच्या अलेक्झांडर काझेसचा माग लागला, कारण सुरुवातीच्या काळात नव्या सभासदांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये त्याचा हॉटमेलचा खासगी पत्ता राहून गेला होता. उल्ब्रिक्टला १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क वाचनालयात धरले तेव्हा त्याच्या पाठीमागे एका जोडप्याने भांडण उकरून काढले, तो वळून पाहतो तोच समोरून लॅपटॉप उचलला गेला. ते दोघेही साध्या वेशातले अधिकारी होते. लॅपटॉप मिटला असता तर त्यातला मजकूर कुलूपबंद झाला असता, म्हणून तो उघडा असतानाच हाती लागावा यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणजे कुलूप तुटणार नाही हे त्या अधिकाऱ्यांनी गृहीतच धरले होते, आणि तरी त्यांचे काम अडले नाही. (त्याच तपासातल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी बिटकॉइन लाटले आणि २०१५ मध्ये त्यांनाही शिक्षा झाली. कुंपणाने शेत खाण्याला सरकारी कुंपणही अपवाद नसते.)

हा तपशील इतका लांबवण्याचे कारण आपल्याकडचे आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर मूळ प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्या वादात ‘एनक्रिप्शनमुळे गुन्हेगार सुटतात’ हे वाक्य पुन्हा पुन्हा पुराव्यासारखे मांडले जाते. संदेश वाचता न आल्याने काही तपास रखडत असतील, हे मी नाकारत नाही. परंतु वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकरणात माणसे सापडली किंवा बुडाली ती तिऱ्हाइताच्या हाती सोपवलेल्या पैशामुळे, तिऱ्हाइताकडून लावून घेतलेल्या कुलपामुळे, सर्वांना दिसणाऱ्या हिशेबवहीमुळे किंवा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. तेव्हा पुढच्या वेळी असे प्रकरण आपल्याकडे उघडकीस आले, तर आपल्या वार्ताहराने तपास अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत : माल पोचेपर्यंत पैसे कोणाच्या ताब्यात होते, आणि संदेशाला कुलूप कोणी लावले होते. त्यांची मिळतील ती उत्तरे बातमीत छापावीत. ‘हतबल’ हा शब्द त्यानंतरही लागला तर जरूर वापरावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली