अमेरिकेच्या शिक्षणमंत्री मॅडमना एका नाइट ड्युटीवाल्या नर्सचं खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री मॅडम,
वॉशिंग्टन डीसी

स.न.वि.वि.

मॅडम, पत्र मराठीत का ते आधी सांगते. इंग्रजीत एक लिहून झालंय. लेकीने तपासून दिलं, आणि तपासताना प्रत्येक ओळीत एवढे प्लीज आणि रिस्पेक्टफुली घातले की वाचून मलाच वाटलं माझं काही विशेष दुखतच नाहीये. ते तुमच्याकडे येईल तेव्हा येईल. हे दुसरं. तुम्हाला कळणार नाही, पण ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत ज्या नर्स आत्ता डबा खाता खाता ऑनलाइन कोर्सच्या डिस्कशन बोर्डवर पोस्ट टाकतायत त्यांना कळेल.

मी सॅन अँटोनियोजवळ राहते, हॉस्पिटलमध्ये मेडिकल-सर्जिकल फ्लोअरला नर्स आहे. आठवड्याला तीन नाइट, संध्याकाळी सात ते सकाळी सात. जोडीला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सचं, ऑनलाइन मास्टर्स करतेय. म्हणजे करत होते. मंगळवारी सकाळी ड्युटी सुटली, पार्किंगमध्ये गाडीत बसले, एसी लावला आणि युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसचा ईमेल उघडला. चार ओळी. ग्रॅड प्लस लोन, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज, नव्या लोकांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद. आधीपासून ज्यांनी याच कोर्ससाठी सरकारी कर्ज घेतलंय त्यांना काही वर्षं जुने नियम चालतील, पण तुम्ही कधी घेतलेलं नाही, त्यामुळे तुम्ही नव्या. नव्या लोकांना वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा, आणि तुम्ही अर्धवेळ शिकताय म्हणून त्याच प्रमाणात कमी, म्हणजे निम्मी. खाली लिहिलंय, हॅव अ ब्लेस्ड डे.

मी कधी कर्ज घेतलं नाही म्हणून मला कर्ज नाही. दोनदा वाचलं. नंतर मिस्टरांना फोन करून वाचून दाखवलं, ते म्हणाले परत वाच.

मॅडम, माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, उदगीर डेपोला. हातउसने घ्यायचे नाहीत, अंथरूण पाहून पाय पसरायचे, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. म्हणून मी दर टर्मला एक, फार तर दोन विषय घेतले, ओव्हरटाइम करून रोख फी भरली, पॅथोफिजिओलॉजी भरली, फार्माकोलॉजी भरली, फिजिकल असेसमेंट भरली, दिवाळीला गावी जायचं तिकीट दोनदा रद्द केलं. ठरवलेलं असं की शेवटच्या क्लिनिकलच्या, म्हणजे पेशंटसमोर प्रत्यक्ष शिकायच्या, वर्षीच कर्ज काढायचं, तेही लागेल तेवढंच. जून संपायच्या आधी नुसतं हजार डॉलरचं उचलून बँकेत ठेवलं असतं तरी आज मी जुन्यांत मोडले असते. म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरले, तर तुम्ही म्हणता पाय कुठे पसरलेत, आण ते अंथरूण इकडे.

आता तुमचे लोक म्हणतील, बाई, ऑनलाइन कोर्स आहे, एवढा पैसा लागतो कशाला? फी तेवढ्यात बसते की. बसते. फीचं रडगाणं मी गातच नाहीये. माझं म्हणणं त्या ७५० तासांचं आहे.

नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर पेशंटसमोर उभं राहून कमीत कमी ५०० तास काढावे लागत, २०२२ च्या नव्या स्टँडर्डमध्ये ते ७५० झाले. झाले ते चांगलंच झालं, माझी त्याला हरकत नाही, उद्या मी कुणाच्या लेकराच्या छातीला स्टेथोस्कोप लावून औषध लिहून देणार, तर ७५० काय हजार करा. पण हे तास ऑनलाइन होत नाहीत. ते कुठल्यातरी क्लिनिकमध्ये सोमवार ते शुक्रवार, दिवसा, बिनपगारी. माझा तासाचा पगार ३८ डॉलर, म्हणजे ७५० गुणिले ३८, साडेअठ्ठावीस हजार डॉलर, रुपयांत पंचवीसेक लाख, डॉलर आज कितीला आहे बघितलं नाही, तुम्ही बघा. तीन नाइट करून वर तीन दिवस क्लिनिकल होत नाही, मी दोन आठवडे करून बघितलं. दुसऱ्या आठवड्यात सिग्नलला झोप लागली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. म्हणजे तीनाची एक नाइट करावी लागणार, आणि मग घराचं भाडं, गाडीचा हप्ता, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, हे सगळं तुमच्या साधारण दहा हजारांत, ज्यातले बहुतेक फीतच जाणार. राहिलं काय? ब्लेस्ड डे.

आणि हे तास मिळतात कुठे ते पण ऐका. कोर्सची जाहिरात अशी की घरबसल्या व्हा नर्स प्रॅक्टिशनर, फोटोत बाई कॉफी पीत हसतेय. अॅडमिशन झाल्यावर कळतं की प्रिसेप्टर, म्हणजे जिच्या हाताखाली शिकायचं ती नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) किंवा डॉक्टर, आपली आपण शोधायची. फी पूर्ण घेणार ते, वर्ग शोधायचा आपण, मास्तरही आपणच शोधायचे. मी ४१ क्लिनिकना फोन केले, वहीत लिहून ठेवलेत. बाराजणांनी परत फोन केला. तिघांनी आधी पैशाचं विचारलं, एक एजन्सी म्हणाली एका रोटेशनला, म्हणजे क्लिनिकलच्या एका टप्प्याला, दोन हजार डॉलर, आधी द्या, मग नाव सांगू. मुलीचं स्थळ बघताना पण एवढी लाचारी आमच्याकडे कुणी करत नाही. शेवटी एक मेक्सिकन एनपी भेटली, स्वतःचं छोटं क्लिनिक, तिने दीडशे तास फुकट शिकवलं. पहिल्या दिवशी तिने माझ्यासमोर एका म्हाताऱ्या शेतमजुराचे बूट काढले, मोजे काढले, त्याच्या तळपायाला बारीक नायलॉनची तार टेकवत डोळे मिटायला सांगितलं, कळलं की सांगा म्हणाली. दहा ठिकाणी टेकवली. तो तीन वेळा हो म्हणाला, त्यातलं एकदा तिने तार टेकवलीच नव्हती. शुगर किती वर्षं आहे हे त्याला माहीत नव्हतं, अंगठ्याखाली जखम होती तीसुद्धा नाही. मी वीस वर्षांत हॉस्पिटलमध्ये असे पाय कापून आल्यावरच बघितलेत. त्या दिवशी मला कळलं की मी हे का करतेय.

बरं हे सगळं पोटभर शिकून मी काय होणार, तर तुमच्या हिशोबात प्रोफेशनल नाहीच. तुमच्या कमिटीने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रोफेशनल डिग्रीची व्याख्या ठरवली. त्यातल्यांना कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख, बाकीच्यांना २०,५०० आणि एकूण १ लाख. यादीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, दातांचे, डोळ्यांचे, गुरांचे डॉक्टर आहेत, मणके कडकड वाजवणारे कायरोप्रॅक्टर आहेत, धर्मशास्त्र शिकून पाद्री होणारेसुद्धा आहेत. पाद्रीबुवांबद्दल मला आदर आहे. रात्री तीन वाजता पेशंट गेला की त्यांना फोन मीच लावते. पण ते येईपर्यंत नातेवाइकांना धरून कोण बसतं मॅडम?

तुमच्या खात्याने खुलासा केला की ही व्याख्या कित्येक दशकांची जुनीच, आम्ही नवीन काही केलं नाही. ती ज्या कायद्याखालची तो १९६५ चा. आता गंमत बघा. उच्च शिक्षणाच्या त्या कायद्यावर प्रेसिडेंट जॉन्सनने नोव्हेंबर १९६५ मध्ये सही केली ती सॅन मार्कोसला, त्यांच्याच जुन्या कॉलेजात, माझ्या घरून गाडीने तासाभराच्या आत. आणि त्याच १९६५ साली कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड नावाची नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचा डॉक्टर देशातला पहिला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स सुरू करत होते. बाळ जन्मतंय त्याच साली केलेल्या मतदार यादीत त्याचं नाव नाही, म्हणून साठ वर्षांनी त्याला सांगायचं तू नागरिकच नाहीस. शिवाय त्या जुन्या नियमात उदाहरणं दिल्यावर स्पष्ट लिहिलं होतं, यांच्यापुरतंच मर्यादित नाही. हे वाक्य सोयीने कुठे गेलं? आमच्या तहसील कचेरीत जसा सातबारा गहाळ होतो तसं गेलं वाटतं.

आणि दुसरा खुलासा, ९५ टक्के नर्सिंगचे विद्यार्थी वार्षिक मर्यादेपेक्षा कमीच कर्ज घेतात, त्यांना काही फरक पडणार नाही. माझ्या माहितीप्रमाणे मी शून्य घेतलंय, शून्य हे मर्यादेपेक्षा कमीच, म्हणजे तुम्ही मलाही त्या सुखी ९५ टक्क्यांत मोजलेलं असणार. मोजणी चुकीची पकडली असेन तर सांगा. पण मग ज्या बाईला फरक पडला ती तुमच्या टक्केवारीत आनंदी कशी दिसते?

लोक म्हणतात प्रायव्हेट लोन घे. विचारलं. को-सायनर, म्हणजे जामीन, आणा म्हणाले. मी कुवेतला सहा वर्षं काढली, इथल्या लायसन्सची एनसीलेक्स परीक्षा पास झाले, जीएनएमचे, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचे, कागद तपासून घ्यायला सोलापूरच्या कॉलेजात भावाला किती खेपा घालायला लावल्या त्याचा हिशोब नाही, मग ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षं, मग ऑनलाइन बीएसएन, नर्सिंगची पदवी, कारण डिप्लोमा पुरत नाही, आणि आता वयाच्या ४४ व्या वर्षी मेहुण्याला विचारायचं भाऊजी जरा सही करता का. नाही विचारणार.

ऑनलाइन म्हणजे सोपं असंही अर्ध्या लोकांना वाटतं, त्यात आमचे नातेवाईक पहिले. फार्माकोलॉजीच्या फायनलला कॅमेरा लावून खोली दाखवायची असते, भिंती, टेबलाखाली, कान दाखवा, मनगट दाखवा. देव्हाऱ्यातले कागद काय आहेत म्हणून विचारलं, ती अथर्वशीर्षाची चिटोरी होती, काढून ठेवली. परीक्षा निम्मी झाली आणि सासूबाई चहा घेऊन आत, अगं गार होईल म्हणाल्या. झालं, स्क्रीनवर लाल पट्टी, खोलीत दुसरी व्यक्ती. मला नंतर खुलासा लिहून द्यावा लागला की सदर व्यक्ती वय वर्षे ७६ असून तिला बीटा ब्लॉकर म्हणजे काय हे माहीत नाही. घेते मात्र रोज, बीपीला.

तर हे सगळं पार पाडून डिग्री मिळाली, राष्ट्रीय परीक्षा पास झाले, तरी टेक्सासात मला औषध लिहायला डॉक्टरशी करार करावा लागणार, एक डॉक्टर असे सात जणांना पदराखाली घेऊ शकतो, आणि स्वतःचं क्लिनिक काढायचं तर कितीतरी जणी त्या सहीसाठी डॉक्टरला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजतात. पश्चिमेला हद्द ओलांडून न्यू मेक्सिकोत गेलं की तीच बाई, तीच डिग्री, कराराची गरज नाही. हे तुमच्या खात्याचं काम नाही हे माहितीये मला. पण तुमच्यातल्या प्रत्येकाचं असंच असतं ना, हे आमच्या खात्याचं नाही. फी युनिव्हर्सिटीचं, तास कोर्सला मान्यता देणाऱ्या अॅक्रेडिटेशनवाल्यांचं, लायसन्स राज्याचं, कर्ज तुमचं, आणि पाय कापायची वेळ आलेला तो म्हातारा कुणाचा? टेक्सासच्या २५४ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, अशी गावं आहेत की जिथे डॉक्टर जायला तयार नाही, तिथे आमच्यासारखीच जाणार, आणि तिलाच तुम्ही दारात अडवणार. २०२० मध्ये इकडे टाळ्या वाजवल्या, तिकडे आमच्या लोकांनी थाळ्या. टाळ्यांना मर्यादा नव्हती तेव्हा, अर्धवेळवाल्यांना निम्म्या असंही नव्हतं.

मॅडम, तुम्ही इतकी वर्षं कुस्तीच्या धंद्यात होता असं वाचलं. आमच्याकडे कुस्ती लाल मातीत होते आणि जोड लागल्यावर नियम बदलत नाहीत. तुमच्याकडची टीव्हीवरची मी बघितलीये, त्यात कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं म्हणतात. चिडले म्हणून लिहिलं, राहू दे आता, खोडत नाही.

मागणं सांगायचं राहिलंच. नर्सिंगचं मास्टर्स त्या यादीत घाला. ते होत नसेल तर नोकरी करून शिकणाऱ्यांची मर्यादा निम्मी करू नका, कारण आम्ही अर्धवेळ आळसाने नाही शिकत. आणि जे ३० जूनच्या आधीपासून शिकतायत पण स्वतःच्या खिशातून भरत होते त्यांनाही जुन्यांत धरा, निदान आम्हाला तरी. प्रिसेप्टर न देता पूर्ण फी घेणाऱ्या कॉलेजांना सरकारी कर्जाचा पैसा का द्यायचा हेही एकदा विचारा त्यांना. चारच गोष्टी आहेत. पत्र लांबलं, पण माझ्या पेपरला शब्दमर्यादा असते आणि इथे नाही, त्यामुळे.

युनिव्हर्सिटीने मला विचारलंय की फॉलच्या टर्मला नाव ठेवू का काढू, शुक्रवारपर्यंत कळवा. अजून कळवलेलं नाही. त्या मेक्सिकन एनपीने पुढचे दोनशे तास सप्टेंबरपासून देते म्हणून सांगितलंय, तिलाही काही बोलले नाही.

आज नाइट आहे. उत्तर द्यायचं असेल तर ईमेल करा, दिवसा फोन करू नका, मी झोपलेली असते.

आपली,
उदगीरची एक सिस्टर, सध्या मुक्काम टेक्सास