चिनूच्या कोपराबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

चिनूचा एमआरआय रिपोर्ट पाहिला. ‘पार्शल टेअर’, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूची लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) अर्धवट फाटलीय, हे वाचून तुम्ही थेट ऑपरेशनपर्यंत पोचलात. ते अजून लांब आहे. सतत फेक करणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये काही दुखत नसतानाही या लिगामेंटमध्ये बदल दिसतात. म्हणून कागदाआधी हात तपासायला हवा.

भाला फेकताना कोपराची आतली बाजू उघडू पाहते. दंडाच्या हाडापासून अल्नापर्यंत (कोपराखालचं करंगळीकडचं हाड) गेलेल्या लिगामेंटचा पुढचा पट्टा ती आवळून धरतो. तपासताना कोपर पूर्ण दुमडून, हाताला बाहेर रेटा देत झटकन सरळ करतात. साधारण 120 ते 70 अंशांच्या दरम्यान फेकताना येते तीच कळ आली, तर संशय लिगामेंटवर. नुसती मूठ आवळून मनगट आत वाकवताना दुखलं तर बहुधा स्नायू. करंगळी-अनामिकेला मुंग्या येतात का, हे मात्र चिनूला खोदून विचारा. अल्नर नस तिथूनच जाते आणि ही पोरं आपणहून काही सांगत नाहीत.

फाटलंय कुठे, हेही डॉक्टरांना विचारा. दंडाकडच्या टोकाला असेल तर ऑपरेशनशिवाय बरं होण्याची शक्यता खालच्या टोकापेक्षा जास्त.

आता सहा ते बारा आठवडे फेक बंद. बंद म्हणजे बंद, गल्लीतला टेनिस बॉलसुद्धा नाही! पळणं, पाय-पोटाचे व्यायाम चालू दे. पुढे बाहूचे स्नायू आणि खांदा. फेकणारा खांदा आत वळायला ताठ असेल तर ताण कोपरावर येतो, म्हणून दोन्ही खांदे मोजून घ्या. घोटाळा होतो तो मध्येच: दुखणं आधी थांबतं, लिगामेंट भरायला वेळ लागतो, आणि पोरगा मैदानात. फेक सुरू करायची ती कमी अंतरावरून, एक दिवसाआड. दुखलं की एक पायरी मागे.

बाबा, तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन नको, लिगामेंट कमजोर होते.

एवढं करूनही फेकता आलं नाही, तरच ऑपरेशन. 1974 मध्ये फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूवर केलं, तेच: मनगटातली पामारिस लाँगस ही स्नायूची दोरी (टेंडन) काढून नवी लिगामेंट. अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवलं की ती दोरीसारखी उठते. काहींना ती नसतेच, मग मांडीतली घेतात. मैदानात परतायला वर्ष तरी लागतं.

डॉक्टरांनी हात तपासला की मला फोन करा.

तुमचा,
नंदू