नाकातली नळी म्हणजे शेवट नव्हे

तोंडाच्या कर्करोगावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तंबाखूबद्दल त्यात भरपूर आहे. पण रेडिएशनच्या ६-७ आठवड्यांत रुग्णाने खायचे काय, यावर ओळही नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, चव जाते आणि घरचे पातळ पेज देत राहतात. पेजेने पोट भरते, वजन टिकत नाही. वजन फार उतरले, तर उपचारावेळी डोके स्थिर ठेवणारा चेहऱ्याचा मास्क सैल पडतो, कधी सारे नियोजन नव्याने करावे लागते. अशा वेळी वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. माझ्या वडिलांनी नाकातली नळी (नाकातून थेट पोटात अन्न पोहोचवणारी) आठवडाभर नाकारली. नळी लागली की संपलेच, ही त्यांची (आणि खरे तर आमचीही) समजूत. ती बहुधा तात्पुरती असते, हे आहारतज्ज्ञाने उपचार सुरू होण्यापूर्वीच सांगायला हवे.

– एक वाचक, सातारा