तोटा कागदावरचा, कर मात्र रोखीचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्टार्टअपवरचा पानभर लेख वाचला. सोमवारी परत वाचला, कारण आपल्या चष्म्याचा नंबर वाढला की काय अशी शंका आली होती. डॉटकॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा करायला निघालेल्या कंपन्या, बुडाले तेव्हा नोकरदारांचं नुकसान झालं ते निव्वळ कागदावरचं, असं लेखकानं खरोखरच लिहिलं आहे. त्यावरून आजच्या मुलांना सल्लाही दिला आहे: पगार कमी घ्या, ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घेण्याचा नोकरदाराचा हक्क) जास्त मागून घ्या, बुडालंच तर कागदच बुडेल.

लेखक तेव्हा बहुधा शाळेत असतील, त्यांना काय बोलणार? पण छापण्याआधी लेख वाचणारं कुणी तुमच्याकडे असेलच ना?

मी त्या काळात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला होतो. आमची कंपनी इस्पितळांना लागणारं सामान इंटरनेटवरून विकायला निघाली होती. नफ्याचं सोडा, गिऱ्हाईकं मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. तरी १९९९ च्या दिवाळीच्या सुमाराला शेअर बाजारात आली आणि भाव असा चढला की कँटीनमध्ये दुसरा विषयच निघेना. पुढे कंपनीनंच जेवणाच्या सुट्टीत पिझ्झा मागवून एका करसल्लागाराचं व्याख्यान ठेवलं. त्यानं फळ्यावर मांडून दाखवलं: ऑप्शन (तेच ते ईसॉप) आत्ताच एक्सरसाइज करा, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर घेऊन टाका, ते वर्षभर हातात ठेवा, मग विकलेत तर नफ्यावर २० टक्के कर. लगेच विकलेत तर पगारासारखा धरतील, जवळजवळ दुप्पट जाईल. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

त्याच करकायद्यातला 'अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स' मात्र त्या फळ्यावर आला नाही. तो असा चालतो: तुम्ही अर्ध्या डॉलरला शेअर घेतलात आणि त्या दिवशी बाजारात भाव ७० डॉलर असला, तर मधले साडेएकोणसत्तर डॉलर ही तुमची कमाई धरतात. शेअर विकलेला नाही, दमडी हातात आलेली नाही, तरी. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या आत विकलात तर यातून सुटका. धरून ठेवलात, म्हणजे कंपनीनं बोलावलेल्या तज्ज्ञाचं ऐकलंत, तर अडकलात.

मी २००० च्या फेब्रुवारीत ४००० शेअर घेतले. १० मार्चला नॅसडॅक, म्हणजे तिकडच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, ५०४८ वर बंद झाला आणि नंतर काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या लेखातला आलेख सोडून, कारण तो मार्च २००० लाच थांबतो. ऑक्टोबर २००२ मधला १११४ दाखवायला कॉलममध्ये जागा उरली नव्हती का? तर, एप्रिल २००१ मध्ये माझ्याकडे होते डॉलरच्याही खाली गेलेले शेअर, सगळे मिळून तीनेक हजार डॉलरचे. आणि वॉशिंग्टनला भरायचा कर होता ७५ हजार डॉलरच्या वर. कॅलिफोर्निया राज्याचा निराळा. तेव्हाच्या हिशेबानं त्यात कोथरूडला दोन फ्लॅट सहज आले असते. तो कर मी हप्ते बांधून, व्याजासकट फेडला. हे हप्ते कागदाचे नव्हते हो.

माझा रूममेट मिरजेचा. त्याचं आणखी वाईट. कर डोक्यावर असतानाच नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावाल्यांना, म्हणजे आमच्यासारख्या तिकडे नोकरीसाठी गेलेल्यांना, आज नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते, ती २०१७ मध्ये आली. तेव्हा तसं काही नव्हतं. तो मिरजेला परतला आणि त्याच्या नावची कर खात्याची पत्रं माझ्या पत्त्यावर येत राहिली. लेखात हा व्हिसाही मोठ्या कौतुकानं आला आहे: अमेरिकेनं वर्षाचा कोटा १,१५,००० वरून १,९५,००० केला म्हणे. केला ना! ऑक्टोबर २००० मध्ये. पंगत उठायला लागल्यावर आमंत्रणं वाटली.

पुढे २००८ मध्ये, बँका वाचवण्याच्या कायद्याबरोबर, अमेरिकन संसदेनं असा थकलेला कर माफ केला. थकलेला, बरं का! ज्यांनी भरला नव्हता त्यांचा व्याज-दंडासकट गेला. आम्ही शहाण्यासारखा भरून मोकळे झालेलो, आम्हाला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची थोडी थोडी भरपाई, तेही वर्षावर्षानं, फॉर्म भरभरून.

लेखकानं यशाच्या कथा दिल्या आहेत त्या नेहमीच्याच, हॉटमेलवाले सबीर भाटिया आणि ४९९ कोटींना विकलं गेलेलं इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ. चांगलं आहे, कौतुकच आहे. पण ही उदाहरणं मालकांची. सल्ला नोकरदार पोरांना देताय, तर उदाहरणही नोकरदाराचंच द्या की.

आणि हे सगळं जुनं, अमेरिकेतलं म्हणून सोडून द्यावं तर आपल्याकडेही ईसॉप एक्सरसाइज केलं की बाजारभाव आणि तुमचा भाव यांतला फरक पगारात धरूनच कर लागतो. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा असला, विकायला गिऱ्हाईक नसलं, तरीही. २०२० च्या अर्थसंकल्पात काही स्टार्टअपना कर पुढे ढकलायची सवलत मिळाली, तीही सरकारी प्रमाणपत्र असलेल्यांनाच. त्यातली मेख अशी की नोकरी सुटली की सवलत संपली, कर देय. म्हणजे कंपनी डबघाईला येऊन तुम्हाला घरी बसवणार आणि नेमका तेव्हाच कर द्यायचा. माझा भाचा सध्या बाणेरच्या एका एआय कंपनीत असाच निम्म्या पगारावर आहे. त्यानं तुमचा लेख फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठ्याचं चित्र. त्याला मी काय सांगितलं ते इथं छापण्याजोगं नाही. पुढच्या रविवारी याच पानावर एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटकडून दोन कॉलम लिहून घ्या, एवढी विनंती.

ता. क. मागे आमच्या चौकातल्या गतिरोधकाबद्दल पत्र पाठवलं होतं. त्यातली तक्रार कापून 'आपलं दैनिक गेली अनेक वर्षं आवडीनं वाचतो' तेवढं छापलंत. या पत्रात तसं वाक्य घातलेलं नाही.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये. भाचाही तुमचाच पेपर वाचतो.)