ताईस पत्र: गोधड्या, मांजरपाट आणि प्रोजेक्टर

लंडन

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या हॉलमध्ये बचत गटाच्या गोधड्या लावायच्या आणि शेजारी त्या शिवणाऱ्या बायकांचा व्हिडिओ चालवायचा, हे फार चांगलं ठरवलंत. एकच गोष्ट खटकली. पॉलिएस्टर साड्यांच्या गोधड्या वगळून नुसत्या सुती लुगड्यांच्या लावायच्या, असं तू लिहिलं आहेस. तसं करू नका.

इथला यिंका शोनिबारे हा कलाकार १९६२ साली लंडनमध्ये जन्मला, वाढला नायजेरियातल्या लागोसला. त्याच्या पुतळ्यांच्या अंगावर भडक नक्षीचं कापड असतं. बघणारा लगेच म्हणतो, आफ्रिकेचं. पण ती पद्धत मुळात इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून कापड रंगवायची. एकोणिसाव्या शतकात डचांनी ती यंत्रावर आणली, गिऱ्हाईक मिळालं पश्चिम आफ्रिकेत, आणि शोनिबारेने ते कापड घेतलं लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारात. हे कापड हातात आलं तर आधी उलटं करून बघ. अस्सल वॅक्स प्रिंटला (या कापडाचं हेच नाव) राळ दोन्ही बाजूंनी लावून मग रंगात बुडवतात, म्हणून उलट-सुलट सारखंच दिसतं. राळेला तडे जातात, त्यांतून रंग शिरतो आणि नक्षीभर बारीक शिरा उमटतात. स्वस्त छपाईची मागची बाजू फिकी असते. इतकं फिरलेलं कापड आज आफ्रिकेची ओळख म्हणून मिरवतं, तर बाजारातून आलेली पॉलिएस्टर साडीही आपल्या घराची खरीच ओळख आहे. गोधडीशेजारच्या चिठ्ठीवर 'पारंपरिक गोधडी' असं लिहू नका. शिवणारीचं नाव, लुगडं कोणाचं, सदरा कोणाचा, हे लिहा. अमेरिकेच्या चित्रकार फेथ रिंगगोल्डने पहिली रजई १९८० साली आपल्या आईबरोबर केली, आणि पुढे तर ती अख्खी गोष्ट रजईवरच लिहायची.

आता टांगण्याचं. खिळे किंवा चिमटे नकोत. सगळा भार दोन-चार ठिकाणी येतो आणि जुनं कापड तिथेच फाटतं. मागे वरच्या काठाला चार इंची नेफा शिवा. टाका अस्तरातून आतल्या थरांपर्यंत जाऊ दे, नाहीतर नुसतं अस्तर ओढलं जातं. नेफा थोडा सैल ठेवा, म्हणजे नळीचा फुगवटा पुढून दिसत नाही. लांब गोधडीला नेफा दोन तुकड्यांत करा. मधल्या फटीतून नळीला तिसरा आधार देता येतो, ती वाकत नाही. नळी ॲल्युमिनियमची घ्या. बांबूला कीड लागते. निदान दोन गोधड्या भिंतीपासून तीन फूट पुढे टांगा. धावदोऱ्याची खरी चाल मागून कळते, आणि लोक मागे जाऊन बघतातच.

उजेड ५० लक्सच्या (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवा, संग्रहालयं जुन्या कापडाला एवढाच देतात. उडालेला रंग परत येत नाही आणि रोजचं थोडं थोडं नुकसान साठत जातं. खिडक्या जाड पडद्याने झाका. व्हिडिओचा लखलखीत पडदा मात्र गोधड्यांच्या समोर नको. तो बघून वळलं की मंद उजेडातलं कापड काळं दिसतं.

गोधडीवरच चित्र पाडायचा मोह आवरा. ३,००० ल्युमेनचा (हे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर दोन मीटर रुंद चित्र पाडतो, तेव्हा साधारण सव्वादोन चौरस मीटरवर पूर्ण पांढऱ्या दृश्यात १,३०० लक्स पडतात. ५० च्या सव्वीस पट! त्यापेक्षा पडद्याला मांजरपाट घ्या. आधी धुऊन खळ काढा, नाहीतर पहिल्याच दमट दिवशी चोळामोळा होतो. एकेरी टांगलात तर चित्र मागूनही दिसतं, पण अक्षरं उलटी. मजकूर असेल तर दुहेरी करा.

प्रोजेक्टर घेण्याआधी हॉलची खोली मोजा. 'थ्रो' (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर दोन मीटर रुंद चित्राला तीन मीटर अंतर लागतं. भिंग पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरपं ठेवून बटणाने चौकोन जुळवला की चित्राची धार जाते. फाइल पेन ड्राइव्हवरून आपोआप पुन्हा सुरू होईल अशी लावा, आणि प्रोजेक्टरची आपोआप बंद होण्याची सोय बंद करा. गोधड्यांचे सुटे तंतू मात्र फार छळतील. प्रोजेक्टरचा पंखा ते ओढून घेतो, जाळी तुंबते, यंत्र तापून मध्येच बंद पडतं. रोज सकाळी जाळी मऊ ब्रशने झाडा.

आवाजाबद्दल शोनिबारेचंच उदाहरण देते. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्या १७९२ च्या खुनावर त्याने २००४ साली फिल्म केली. तिच्यात एकही संवाद नाही. नाचणाऱ्यांचे श्वास, पावलं आणि कपड्यांची सळसळ ऐकू येते. तुमच्या व्हिडिओत बायकांचं बोलणं हवंच, पण सुई जाड थरांतून निघताना दोरा कर्रकन ओढला जातो, तो आवाज कापू नका. माइक हाताजवळ धरून तो वेगळा घ्या, आणि मागे पंखा चालू नको.

हॉलची लांबी-रुंदी आणि प्लग कुठे आहेत ते कळव, म्हणजे पडदा कुठे लावायचा ते काढून पाठवते.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी धाकटी