रेडकं घेण्याआधी

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

मांसासाठी जनावरं सांभाळायची म्हणतोस आणि गाठीला पैसे थोडे. मग खोंडांचा विचार आधी सोड. 2015 पासून महाराष्ट्रात गाईसोबत बैल-वळू कापायलाही बंदी आहे. राहतात रेडकं. त्यांनाही कत्तलीआधी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. घेतानाच कानात 12 अंकी ओळखीचा बिल्ला आहे का बघ, नाहीतर विकताना अडशील.

गोठेवाले नर रेडकू मातीमोल भावात देतात आणि नवा माणूस तिथंच फसतो. दुधावरचं रेडकू तीन महिन्यांत दोनशे लिटर दूध सहज पितं. तेवढं दूध डेअरीला घातलं तर त्या पैशात दूध तुटलेलं, सहा महिन्यांचं, 70-80 किलोचं रेडकू दावणीला येतं. तेच घे, आणि चारच घे. पोट सुटलेलं, केस राठ, शेपटीखाली पांढरट चिकट हगवण वाळलेली दिसली तर हात लावू नकोस. ते जंतांनी पोखरलेलं असतं. हे जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून ज्याला दहाव्या-पंधराव्या दिवशी औषध मिळालं नाही ते पुढं कितीही चारलं तरी खुरटंच राहतं.

आणल्यावर वजन बघून जंताचं औषध पाज, पुढं दर तीन महिन्यांनी. लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाळ्याआधी. थंडीत अंगावर उवा नि खरूज होते. केस भादरून मगच औषध लाव, नाहीतर ते कातड्यापर्यंत पोचतच नाही.

गोठ्यावर पैसे घालू नकोस. मुरमाची उतरती जमीन, वर पाचटाचं छप्पर, एका रेडकाला 25-30 चौरस फूट जागा, बास. म्हशीच्या जातीला घाम कमी, उन्हाळ्यात दुपारी अंगावर पाणी मारावंच लागतं.

दीडशे किलोच्या रेडकाला रोज 8 किलो हिरवा मका, दीड किलो भुसकट आणि किलोभर खुराक. खुराक घरीच कर: 100 किलोत मक्याचा भरडा 40, सरकी पेंड 30, गव्हाचा कोंडा 27, खनिज मिश्रण 2, मीठ 1. एवढ्यावर रोज 400-500 ग्रॅम वजन चढतं. खनिज मिश्रण वाचवायला जाऊ नकोस, रेडकू दावं नि भिंत चाटायला लागेल.

भुसकटावर युरियाची प्रक्रिया केलीस तर पेंड कमी लागते. 100 किलो भुसकटाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात. एकही खडा शिल्लक नको. थरावर थर शिंपडून तुडव, ताडपत्रीनं हवाबंद झाक, 21 दिवस हात लावू नकोस. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो. घालायच्या आधी तासभर पसरून ठेव. सहा महिन्यांच्या आतल्याला हे घालायचं नाही. आणि युरियाची बादली गोठ्यात विसरू नकोस. ते पाणी प्यायलं की जनावर फुगून, थरथरून तासा-दोन तासांत जातं. डॉक्टर यायच्या आत.

विकताना व्यापारी नजरेवर वजन धरतो, आणि त्याची नजर नेहमी कमीच बघते. तू आदल्या दिवशी माप घे. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, सगळं इंचात, भागिले 660. घेर 48 आणि लांबी 42 असेल तर साधारण 147 किलो. शिंप्याची टेप चालते, फक्त जनावर चारी पायांवर सरळ उभं असू दे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या